देवीच्या दिव्यावरचा चहा

थर्मासमध्ये तासन्‌तास कोंडलेल्या पाण्याला चहा म्हणायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे. झाकण उघडलं की आधी बुचाचा वास येतो, मग शिळ्या दुधाचा, आणि चहाचा वास कुठे आहे ते शोधेपर्यंत कप संपतो. नाशिकला इंदिरानगरात भावाच्या घरी मी असा चहा काही वर्षं प्याले. आवडायचा म्हणून नव्हे, दुसरा मिळत नव्हता म्हणून. वहिनी कचेरीला निघायच्या आधी थर्मास भरायच्या, गॅसचा रेग्युलेटर बंद करायच्या, आणि मग ओट्यावरचा लायटर, ओट्यावरची काडेपेटी आणि देवघरातली काडेपेटी पर्समध्ये टाकून बाहेर पडायच्या. त्यांच्या कचेरीतले विडी ओढणारे शिपाई त्यांच्यावर खूश असायचे म्हणे. काडी मागायला हक्काचं टेबल.

ही सगळी खबरदारी माझ्यासाठी होती. मी आग लावलेली बाई होते.

ते एकदाच सांगते आणि मोकळी होते. माझं सासर सिन्नरचं. नवऱ्याचा बारदानाचा धंदा, म्हणजे जुनी पोती विकत घ्यायची, शिवून पुन्हा विकायची. घरामागेच गोडाऊन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं डोकं हळूहळू फिरत गेलं. पोत्यांच्या थप्पीत कुणीतरी बसलंय आणि माझ्याच आवाजात बोलून माझी नक्कल करतंय, असं मला ऐकू यायला लागलं. सासरच्यांनी यावर उपाय केले. लिंबं उतरवली, अंगारा लावला, एकदा खांबाला बांधून ठेवलं. डॉक्टर तेवढा राहून गेला. एका दुपारी तो आवाज बंद पाडायला मी पोत्यांना काडी लावली. आत राखणदार झोपला होता, ते मला माहीत नव्हतं. तो वाचला, पण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि त्या हाताची मूठ पुन्हा कधी नीट मिटली नाही. याचं मला वाईट वाटतं. आजही वाटतं, आणि या एका गोष्टीवर मला थट्टा सुचत नाही.

बाकी सगळ्यावर सुचते. कोर्टाचं म्हणणं असं पडलं की आग हिनंच लावली, पण लावताना ही भानावर नव्हती, म्हणून ही गुन्हेगार नाही. ऐकायला फार छान. गुन्हेगार नाही म्हणून तुरुंग नाही, पण मोकळी सोडायचीही सोय नाही, म्हणून मनोरुग्णालय. चोराला निदान आपण कधी सुटणार ते ठाऊक असतं. माझं सुटणं डॉक्टरांच्या शेऱ्यावर, कोर्टाच्या तारखेवर आणि त्या तारखेला पोलिसांची गाडी मोकळी आहे की नाही यावर टांगलेलं. तोवर नवऱ्यानं घटस्फोट घेऊन दुसरा संसार मांडला. नव्या बायकोचं डोकं त्यानं या खेपेला नीट तपासून घेतलं असेल, अशी आशा आहे.

मनोरुग्णालयातून आलेल्या माणसाकडून लोकांना भयकथा हव्या असतात. त्या आहेत माझ्याकडे, पण फुकट सांगत नाही. मला ऐकू येणारा तो आवाज तिथल्या गोळ्यांनीच गेला, हेही खरं आहे. आणि शेवटच्या वर्षी मला तिथल्या भटारखान्यात काम मिळालं, ते तर कुणाला पटतच नाही. बायकांच्या अख्ख्या वॉर्डाचा सकाळचा चहा मी करायची. शेगडी मीच पेटवायची. पहिल्या दिवशी एक काडी ओढायच्या आधी तीन काड्या खाली पाडल्या. भटारखान्यातल्या बाई माझ्यामागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘ओढ की गं, दूध नासतंय तिकडे.’ ओढली. पुढे रोजच ओढत गेले, आणि काड्या पडायच्या थांबल्या.

म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात माझ्या हातात काडेपेटी होती, आणि शहाण्यांच्या घरात आले तशी ती गेली.

हे शहाण्यांचं घर माझ्या थोरल्या भावाचं. मी बरी झाले असं डॉक्टरांनी लिहून दिल्यावरही मला न्यायला कुणीतरी हवं होतं. हिला नीट सांभाळीन, ही स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा करणार नाही याची जबाबदारी माझी, असं कोर्टात लिहून देणारं. दादानं ते दिलं. दुसरं कुणीही पुढे आलं नव्हतं, हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर भांडणं सोपं झालं असतं. दादा अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. मशीन बंद पडायच्या आधीच काळजी करायचा त्याला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तेच काम तो फुकट करायचा. ‘काही झालं तर मला कोर्टाला कळवावं लागेल,’ हे वाक्य तो मिठासारखं प्रत्येक बोलण्यात टाकायचा. भाजी संपव, नाहीतर कोर्टाला कळवतो, एवढंच म्हणायचा राहिला.

वहिनींची तऱ्हा वेगळी. आधी त्या मला नावानं हाक मारायच्या, अगं-तुगं करायच्या. मी परत आल्यावर एकदम अहो-जाहो सुरू. ‘वन्सं, तुम्ही जेवलात का? वन्सं, तुम्हाला पंखा हवाय का?’ कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय मान आहे नणंदेला. तो मान नव्हता, भीती होती. चावऱ्या कुत्र्यालाही लोक असंच लांबून गोड बोलतात. शेजारच्या काकूंना तर डोकं बिघडणं आणि कान बिघडणं यांत फरकच कळत नव्हता. त्या मला कंपाउंडवरून ओरडून विचारायच्या, ‘कसं वाटतंय आता? बरं वाटतंय का?’ मीही तेवढ्याच मोठ्यानं ओरडून सांगायची, ‘हो, ऐकू येतंय!’

आणि आमची मावशी. दर नवरात्रात तिच्या अंगात देवी येते. ती केस मोकळे सोडून घुमते, जळता कापूर तळहातावर घेते, मग तो जिभेवर ठेवते, आणि आमचे इंजिनियर झालेले मावसभाऊ ओळीनं तिच्या पाया पडतात. तिलाही आवाज ऐकू येतो. तिच्याही हातात आग असते. तिची ओटी भरतात, माझी काडेपेटी काढून घेतात. हे मी एकदा दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘ते वेगळं.’

मला हवं होतं ते फार नव्हतं. एक कप चहा, मी ठेवलेला, मला वाटेल तेव्हा. आलं ठेचून. बाकीचं, म्हणजे नोकरी, स्वतःची खोली, चार माणसांत उठबस, ते सगळं मी मनात पुढे ढकललं होतं. कारण या एका कपाशिवाय पुढचं काहीच मिळणार नाही हे मला स्वच्छ कळत होतं. जिच्या हाती काडी द्यायची नाही, तिच्या हाती घराची किल्ली कोण देणार?

महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जावं लागे. एकदा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दादाला बसवून सांगितलं, ‘यांना घरात काम करू द्या. चहा करू द्या, पोळ्या करू द्या. त्यानंच त्या सावरतील.’ दादानं इतकी मान हलवली की मला वाटलं, चला, सुटले. परत येताना तो मेन रोडला उतरला आणि मोठा थर्मास घेऊन आला. ‘डॉक्टर म्हणाल्या ना, चहाचं बघा,’ असं म्हणाला. त्याला मनापासून वाटत होतं की त्यानं डॉक्टरांचं ऐकलं. अशा माणसावर रागावून तरी काय मिळणार?

कुणी म्हणेल, खालच्या दुकानातून एक काडेपेटी आणायला काय झालं होतं? एक तर दुकानदाराला दादानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे मी कोथिंबीर मागितली तरी तो आधी माझ्याकडे बघायचा, मग फोनकडे. पण ते सोडा. लपवून आणलेली काडेपेटी माझ्या उशाखाली सापडली असती तर तिचा एकच अर्थ निघाला असता, आणि तो अर्थ काढायला कोर्टाची गरजही पडली नसती. मला परत जायचं नव्हतं. शिवाय चोरून करायचा तर चहाच कशाला, असं मला वाटायचं.

अशात दोन हजार सालानंतरचं एक नवरात्र आलं. दादाकडे घट बसतात आणि घटापाशी अखंड दिवा असतो. बसल्या दिवसापासून उठेपर्यंत तो रात्रंदिवस तेवत राहिला पाहिजे, विझला तर घराला काहीतरी होतं, अशी पक्की समजूत. दरवर्षी वहिनी यासाठी रजा टाकायच्या. त्या वर्षी कचेरीत ऑडिट निघालं आणि साहेबांनी रजा नाकारली. दादाला कारखान्यातून सुट्टी नाही. त्यांची मुलगी पुण्याला शिकायला. शेजारच्या काकूंकडे त्यांचे स्वतःचे घट. दिवसभर दिव्यापाशी बसायला घरात उरलं कोण? मी.

नवराबायको आदल्या संध्याकाळी बराच वेळ कुजबुजत होते. ज्या बाईपासून काडेपेटी पर्समध्ये पळवायची, तिलाच जळत्या ज्योतीपाशी एकटी बसवायची, यात काही चुकतंय असं त्यांना वाटत असावं. पण देवीची भीती माझ्या भीतीपेक्षा मोठी निघाली. वहिनींनी मला सगळं समजावलं. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही, काजळी धरली की हलक्या हातानं झाडायची, तेल संपत आलं की घालायचं, दिवा विझू द्यायचा नाही. ‘आणि विझला तर?’ मी विचारलं. ‘तर लगेच लावायचा.’ ‘कशानं?’ वहिनी वाती वळायला लागल्या. सकाळी दोन्ही काडेपेट्या आणि लायटर नेहमीप्रमाणे पर्समधून कचेरीत गेले.

पहिला दिवस मी नुसती त्या ज्योतीकडे बघत काढला. खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती. इतक्या वर्षांनी घरात मी आणि आग, दोघीच. पोत्यांमधला तो आवाज येतो का म्हणून मी कान देऊन बसले होते. आला नाही. आला तो शेजारचा मिक्सर. दुपार कलली तशी मला भूक लागली, मग कंटाळा आला, आणि मग माझ्या लक्षात आलं की कंटाळा आलाय म्हणजे मी ठीक आहे.

दोनतीन दिवस तो थर्मासचा गढूळ पदार्थ प्याले. मग एका दुपारी दिव्यात तेल घालताना डोक्यात प्रकाश पडला. घरात आग आहे की! समोर आहे, तेवतेय, आणि तिला सांभाळायचं काम रीतसर माझ्यावर सोपवलेलं आहे. रेग्युलेटर फिरवायला काही अक्कल लागत नाही. मी मोरीतल्या खराट्याची एक काडी मोडली, तिचं टोक ज्योतीला लावलं, दुसऱ्या हाताचा आडोसा धरून स्वयंपाकघरात नेली आणि बर्नर पेटवला. काडी नळाखाली धरून विझवली. मग आलं ठेचलं, आधण ठेवलं, पावडर टाकली, दूध घातलं. तो चहा मी ओट्याला टेकून उभ्यानंच प्याले. दुसराही केला.

त्यानंतर रोजच. उपासाच्या दिवसांत देवी मला चहा देत होती आणि मी तिला तेल देत होते. आमचं छान चाललं होतं.

मग एका दुपारी ऑडिटचे साहेब जेवायला गेले तशा वहिनी रिक्षा करून दिवा बघायला आल्या. दिवा व्यवस्थित होता. पण घरभर आल्याचा वास सुटला होता आणि माझ्या हातात कप होता.

‘चहा कुणी केला?’

‘मी.’

वहिनींनी आधी पर्स उघडून बघितली. काडेपेट्या आतच होत्या. ‘मग गॅस कशानं लावलात?’

‘दिव्यावरून घेतलं. खराट्याची काडी होती.’

आता ही बाई किंचाळणार, दादाला फोन करणार, दादा कोर्टाला कळवणार, असं माझ्या डोळ्यांपुढून सर्रकन गेलं. वहिनी किंचाळल्या खऱ्या, पण भलत्याच गोष्टीवरून. ‘अगं बये! अखंड दिव्याला मोरीतला खराटा लावलास? तुला काही आहे की नाही? बाटवलंस की गं सगळं!’

मी आग पेटवली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि त्या मला अगं म्हणाल्या होत्या. मी परत आल्यापासून पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी हसले, आणि त्यावरून आणखी बोलणी खाल्ली.

संध्याकाळी घरात बैठक बसली. दादानंही पहिला प्रश्न हाच विचारला की मध्ये दिवा विझला तर नव्हता ना. गुरुजींना फोन झाला. ते म्हणाले, विझला नाही ना, मग देवीची क्षमा मागा, पण यापुढे त्या ज्योतीवरून काही पेटवायचं नाही. आता माझ्या चहाची तलफ आणि देवीचं सोवळं, दोन्ही सांभाळायची पंचाईत उभी राहिली. वहिनींनी बराच विचार करून पर्समधून एक काडेपेटी काढली आणि ओट्यावर ठेवली. ‘ही घ्या. पण दिव्याला फक्त तेल घालायचं.’ भीतीला भीती छेद देऊन गेली आणि मला काडेपेटी मिळाली. ज्या कामाला डॉक्टरांचा सल्ला पुरला नाही, ते खराट्यानं केलं.

उरलेलं नवरात्र मी राजासारखं काढलं. घरात एकटी, हाताशी काडेपेटी, समोर ज्योत. पडदे शाबूत, गाद्या शाबूत, शेजारच्या काकूही शाबूत. दसऱ्याला सोनं वाटलं, पुरणपोळी झाली, घट उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी थर्मास भरला, रेग्युलेटर बंद केला आणि ओट्यावरची काडेपेटी उचलून पर्समध्ये टाकली.

दिवाच नाही म्हटल्यावर तो बाटायची भीती नाही, आणि मग काडेपेटी ठेवायचं कारणही नाही. हिशेब अगदी चोख होता. माझं डोकं तापलं. दादा दारात बसून बूट घालत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘दादा, नवरात्रभर मी आगीपाशी एकटी होते. काही झालं?’

‘नाही झालं,’ तो म्हणाला.

‘मग आता काडेपेटी का नेताय? इतके दिवस घर कुणी सांभाळलं?’

दादानं बुटाची नाडी आवळली, वर बघितलं आणि अगदी सरळ मनानं म्हणाला, ‘देवीनं सांभाळलं.’

त्याच्या चेहऱ्यावर कपट असतं तर मी भांडले असते. तो ते खरंच मानत होता. सकाळ-संध्याकाळ गोळ्या मी गिळायच्या. त्यांनी तोंड कोरडं पडतं, अंग फुगतं, हात जड होतात, ते माझे. रोज उठल्यावर आवाज परत आला का म्हणून स्वतःच्याच डोक्याला कान लावून बसायचं, तेही मी. आणि घर सांभाळलं देवीनं. आग लागली असती तर मात्र देवी कोर्टात उभी राहिली नसती. तेव्हा मीच. मला रडू आलं, आणि रागही, आणि मी दोन्ही गिळलं. दादा कंपनीच्या बससाठी निघून गेला.

वहिनी मागे रेंगाळल्या. उंबऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पर्समधून काडेपेटी काढून ओट्यावर ठेवली. ‘ह्यांना सांगू नका,’ हळूच म्हणाल्या.

‘सांगणार,’ मी म्हटलं. ‘तो आला की त्याच्यासमोर गॅस पेटवणार. ते चालत नसेल तर आत्ताच परत पर्समध्ये घाला.’

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, काडेपेटीकडे बघितलं, पर्सचं बटण लावलं आणि गेल्या. काडेपेटी राहिली. दिवसभर मी तिला हात लावला नाही. थर्मासचाच चहा प्याले, नाक धरून.

संध्याकाळी दादा आला. त्यानं ओट्यावर बघितलं आणि तिथंच थबकला. त्याच्या पाठोपाठ वहिनीही आल्या आणि पॅसेजमध्ये भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

‘चहा ठेवते,’ मी म्हटलं.

‘मला कोर्टाला कळवा...’

‘कळव. आधी चहा घे.’

दादा वळला आणि मोरीत गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं हा गृहस्थ कारखान्याच्या कपड्यांत, हातात पाण्यानं भरलेली बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. पाणी हिंदकळून त्याच्याच बुटांवर पडत होतं. मी काडी ओढली. तो एक पाऊल मागे सरला. बर्नर पेटला, निळी फुलं गोल उमटली, आणि दुसरं काहीही झालं नाही. मी आलं ठेचलं. आधण उकळलं. दादा बादली धरून उभा होता, हाताला रग लागली तरी. दूध घातलं, उकळी आली, गाळला, त्याच्यापुढे कप धरला.

कप घ्यायला हात मोकळा हवा. त्यानं इकडेतिकडे बघितलं, मग बादली खाली ठेवली, पण एक पाय तिला लावूनच. फुंकर घातली. एक घोट घेतला. कपाळाला आठी घातली.

‘साखर कमी आहे,’ तो म्हणाला.

मी परत आल्यापासून या घरात माझी काळजी झाली होती, माझी कीव झाली होती, माझ्यावर पहारा झाला होता. एक तो खराटा सोडला तर मी केलेल्या कुठल्या गोष्टीला कुणी नावं ठेवली नव्हती, कारण मी काही करूच शकत नव्हते. माझे डोळे भरून आले आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी गॅसकडे वळून तो बंद केला.

‘डबा वरच्या फळीवर आहे,’ मी म्हटलं. ‘घे तुझ्या हातानं.’